शून्यावर न येणारा काटा

वाचकाचं पत्र

काका, नमस्कार. मी उद्यमनगरात राहते. बाबांचं लेथचं वर्कशॉप आहे, मी एका कारखान्यात सीएनसीवर काम करते. दोन वर्षांपूर्वी तारकर्लीला स्कूबाचा ओपन वॉटर कोर्स केला. तेव्हापासून सुट्टी जुळली की घाट उतरते. दर वेळी भाड्याचं सामान आणि दर वेळी वेगळं. नात्यातल्या एकांनी त्यांचा जुना रेग्युलेटर (टँकमधली हवा श्वासाजोग्या दाबानं तोंडात देणारं यंत्र) मला दिला. तो सर्व्हिस करून घेतला, पण गेज नाहीत. सगळं आठ हजारांत बसवायचंय.

सध्या तीन वस्तू समोर आहेत. मालवणकडच्या एकांचा कन्सोल, म्हणजे एकाच कव्हरात टँकमधला दाब दाखवणारं प्रेशर गेज आणि खोली दाखवणारं डेप्थ गेज, चार हजार. त्यातल्या डेप्थ गेजला लाल काटाही आहे. प्रेशर गेजचा काटा मात्र टँक जोडलेला नसताना १५ बारवर (बार हे दाबाचं एकक) असतो. ते म्हणतात, "तेवढे वजा करायचे, मी चार वर्षं तसंच वापरलं." दुसरं म्हणजे भंगारात दीडशे रुपयांना मिळालेलं मनगटावर बांधायचं गेज. त्याला काटाच नाही, तबकडीच्या कडेनं नुसती एक पारदर्शक नळी आहे. ते मी घेऊन ठेवलंय. तिसरा एक खोली आणि वेळ मोजणारा मनगटी डाइव्ह कॉम्प्युटर, साडेतीन हजार. बंद आहे, "फक्त सेल गेलाय" असं विकणारे म्हणतात.

शिवाय कन्सोलचा होज माझ्या रेग्युलेटरला बसत नाही, आटे वेगळे आहेत. बाबा म्हणतात, अडॅप्टर मी लेथवर काढून देतो. काय घेऊ, काय सोडू?

— एक वाचक, उद्यमनगर, कोल्हापूर

उत्तर

तुझ्या पत्रातला तो १५ वरचा काटा वाचला आणि पुढचं वाचायच्या आधी थोडा वेळ तिथंच थांबलो. म्हणून उत्तरही तिथूनच सुरू करतो. ते प्रेशर गेज घेऊ नकोस. चार हजारांत नको, चारशेत नको, फुकट दिलं तरी पाण्यात नेऊ नकोस.

त्या गेजच्या पोटात काय असतं हे तुझ्या बाबांना सांगायला नको. कंप्रेसरवर, बॉयलरवर, साखर कारखान्यात पावलोपावली जे गेज दिसतं, तेच यंत्र आहे हे. चपटी करून गोलाकार वाकवलेली धातूची एक नळी असते. आत दाब आला की ती किंचित उलगडते, आणि तिच्या टोकाची दांडी व दातेरी चक्र तो उलगडा काट्यापर्यंत पोचवतात. बूर्दों नावाच्या फ्रेंच माणसानं १८४९ मध्ये याचं पेटंट घेतलं. आपल्याकडे वर्कशॉपात सगळे बोर्डन ट्यूब म्हणतात. इतकं साधं आहे म्हणूनच ते वर्षानुवर्षं टिकतं आणि म्हणूनच जुनं घ्यायला मी सहसा नाही म्हणत नाही.

पण दाब शून्य असताना काटा शून्यावर येत नसेल, तर आत तीनपैकी एक गोष्ट घडलेली असते. काटा त्याच्या दांड्यावर सरकलेला असेल, तर चूक सगळीकडे सारखी राहते. दाते झिजले असतील तर चूक काही आकड्यांपाशी असते, काही आकड्यांपाशी नसते. आणि नळीच कायमची ताणली गेली असेल, तर २०० बारला एक चूक आणि ५० बारला दुसरी. विकणाऱ्यांची वजाबाकी यातल्या फक्त पहिल्या प्रकारात चालते. बाहेरून बघून कुठला प्रकार आहे ते तुला कळणार नाही, मलाही कळणार नाही.

ही वजाबाकी मीही केली होती. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटापाशी डाइव्हला गेलो होतो. किनाऱ्यावरच्या एका दुकानातून घेतलेलं जुनं गेज होतं, काटा २० वर बसायचा. मी घरातल्या घरात हिशोब पक्का केला होता: दिसेल त्यातून २० वजा. सोळा मीटरवर काटा ७० दाखवत होता, म्हणजे माझ्या हिशोबानं ५०, म्हणजे आता जोडीदाराला खूण करून निघायचं. खूण करायच्या आतच श्वास जड झाला. दुसरा श्वास ओढावा लागला. तिसऱ्याला मी जोडीदाराचा जादा रेग्युलेटर तोंडात धरला होता. वर होडीत आल्यावर दुसऱ्या गेजवर टँक लावून पाहिला तेव्हा त्यात जेमतेम दहा-बारा बार उरले होते. जोडीदार हाताच्या अंतरावर होता म्हणून हे तुला लिहितोय.

आकड्यांतही बघ. आपल्याकडे भाड्यानं मिळणारा ॲल्युमिनियमचा नेहमीचा टँक ११.१ लिटरचा असतो. १५ बारची चूक म्हणजे सुमारे १६५ लिटर हवा. तुझ्या कोर्सची मर्यादा १८ मीटर. तिथं पाण्याचा आणि हवेचा मिळून दाब २.८ बार असतो. पाण्यावर मिनिटाला २० लिटर हवा लागणाऱ्या माणसाला तिथं ५६ लिटर लागते. म्हणजे १५ बार ही तीन मिनिटांची हवा झाली. तेवढ्या वेळात माणूस १८ मीटरवरून सावकाश वर येऊ शकतो. ती तीन मिनिटं कागदावर आहेत आणि टँकमध्ये नाहीत, असं मला तुझ्या बाबतीत नको आहे.

जुन्या गेजांकडे बघायची माझी पद्धत या अनुभवातून आली. गेज दोन तऱ्हांनी बिघडतं. एक गळतं, दुसरं खोटं बोलतं. गळणारं गेज बुडबुडे सोडून सगळ्यांना सांगतं, आणि त्याचा इलाज बहुतेक वेळा अगदी स्वस्त असतो. खोटं बोलणारं गप्प बसतं. त्यामुळे लोक गळणाऱ्या गेजला घाबरून ते मातीमोल विकतात आणि खोटं बोलणाऱ्या गेजला "थोडं पुढं दाखवतं एवढंच" म्हणून चांगली किंमत लावतात. तू याच्या उलट वागायचं.

गळती बहुधा कुठून होते ते सांगतो. होज गेजला जिथं जोडलेला असतो तिथं आत एक बारीक पितळी पिन असते, तिच्या दोन टोकांना दोन इवल्या ओ-रिंगा, म्हणजे रबरी कड्या. त्या पिनवरच गेज होजवर फिरतं. दर वेळी गेज फिरवून बघताना या रिंगा झिजतात आणि तिथून बारीक बुडबुड्यांची माळ सुटते. पिन आणि रिंगा बदलल्या की काम झालं. रिंगेला सिलिकॉनचं ग्रीस, तेही नावापुरतं. वर्कशॉपातलं पिवळं ग्रीस किंवा गंज सोडवायचा स्प्रे इथं अजिबात नको. तेव्हा कुणी म्हणालं की "काटा शून्यावर येतो पण जोडाशी बुडबुडे येतात", तर किंमत पाडून घ्यायला माझी हरकत नाही.

होज मात्र नवा घे. जुना होज दिसायला कितीही चांगला असला तरी त्याच्या दोन्ही टोकांचे रबरी टोपरे मागं सरकवून बघ. धातूच्या कडीपाशी रबर तडकलेलं असतं, तिथंच तो फुटतो. बऱ्याच होजवर बनल्याचं वर्ष आणि कामाचा दाब छापलेला असतो. पाच वर्षांच्या वरचा असेल तर मी तो वापरत नाही. हा खर्च आधीच हिशोबात धर, नाहीतर स्वस्तात मिळालेला कन्सोल घरी आल्यावर महाग पडतो.

आता गेज हातात घेतल्यावर काय बघायचं. पहिली गोष्ट, रबरी कव्हरातून ते बाहेर काढायला लाव. विकणारे "निघत नाही" म्हणाले तर समज की कव्हराखाली काहीतरी आहे. खारं पाणी तिथंच साचून राहतं. पितळेची भांडी कल्हई गेल्यावर कशी कळकतात ते आपल्या घरांत सगळ्यांनी पाहिलंय; तोच हिरवा कळंक गेजच्या मागच्या बाजूला आणि होजच्या नटाभोवती धरलेला दिसेल. वरवरचा असेल, ओल्या फडक्यानं निघत असेल तर ठीक. नट जाम झाला असेल, धातूला खड्डे पडले असतील तर सोडून दे. काचेच्या आत धुकं किंवा पाण्याचा थेंब दिसला तरी सोडून दे. काच बाहेरच्या बाजूला फुगल्यासारखी वाटली तर ते गेज खोलीतही नको.

मग पाठ बघ. गेजच्या मागे किंवा कडेला एक छोटं रबरी वा प्लॅस्टिकचं बूच असतं. आतली नळी फुटली तर साठलेली हवा तिथून निघून जावी, काच तोंडावर उडू नये, म्हणून ते असतं. हे बूच कुणी गोंदानं, टेपनं, एमसीलनं बंद केलेलं असेल तर ते गेज नाकारायला दुसरं कारण शोधू नकोस. याच कारणासाठी टँकचा व्हॉल्व्ह उघडताना गेजचं तोंड नेहमी जमिनीकडे, स्वतःच्याही चेहऱ्याकडे नाही आणि शेजारच्याच्याही नाही.

तबकडीवरच्या कंपनीच्या नावावर भाळू नकोस. स्कूबाच्या पुष्कळ कंपन्या गेज स्वतः बनवत नाहीत. एकाच कारखान्यातलं गेज चार नावांनी विकलं जातं आणि चार वेगळ्या किमतींना. नावापेक्षा पाठीवरचे आकडे वाच. सीई खूण आणि ईएन २५० असेल तर ते युरोपच्या श्वसन-उपकरणांच्या मानकाखाली बनलेलं प्रेशर गेज. डेप्थ गेजचं मानक ईएन १३३१९. आणि एकक बघ. अमेरिकेहून आलेलं गेज पीएसआयमध्ये (चौरस इंचाला पौंड) असतं, त्याच्या शेजारचं डेप्थ गेज फुटांत. १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय, ५० बार म्हणजे सुमारे ७२५. तू शिकलीस बार आणि मीटरमध्ये, तेच घे. पाण्याखाली, थंडीत, मनातल्या मनात भागाकार करायची वेळ येऊ नये. स्वस्त मिळतंय म्हणून फुटांचं घेतलेलं डेप्थ गेज मी दोघातिघांकडे पाहिलं आहे. काही दिवसांनी ते कपाटातच जातं.

खरी परीक्षा टँकवर. कोल्हापुरात ती करता येणार नाही, आणि करू नये असंच मला वाटतं. तुझ्या बाबांच्या कंप्रेसरचा दाब आठ-दहा बार. चारशेच्या तबकडीवर काटा त्यानं जागचा जेमतेम हलेल, कळणार काहीच नाही. उद्यमनगरात आणि शिरोलीला गेज तपासून देणारे चांगले कारागीर आहेत, त्यांच्या डेड वेट टेस्टरवर, म्हणजे वजनं ठेवून गेज तपासायच्या यंत्रावर, ४०० बारही मिळतील. पण बहुतेक ठिकाणी तो टेस्टर तेलावर चालतो. तेल एकदा त्या वाकड्या नळीत शिरलं की पुरतं निघत नाही. टँक बंद करून दाब सोडला की गेजमधली हवा होजवाटे मागं रेग्युलेटरकडेच येते, म्हणजे ते तेल तुझ्या श्वासाच्या वाटेवर. आणि दाबाखालच्या हवेत तेल पेटू शकतं, प्राणवायू जास्त असलेल्या मिश्रणात तर नक्कीच धोका. म्हणून तेलावर तपासून घेतलेलं गेज, कितीही अचूक निघालं तरी, स्कूबासाठी बाद. सर्टिफिकेट लावलेलं जुनं गेज कुणी विकत असेल तर आधी विचार, तपासणी हवेवर केली की तेलावर.

त्यापेक्षा मालवणला किंवा तारकर्लीला ओळखीच्या डाइव्ह सेंटरवर जा आणि अर्धा तास मागून घे. गेज जोडायचं, व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा, काटा एका संथ गतीनं चढतो का बघायचं. भरलेल्या टँकवर सेंटरच्या खात्रीच्या गेजशी आकडा ताडायचा. मग व्हॉल्व्ह बंद करून गेज बादलीत बुडवून ठेवायचं, पाच मिनिटं. बुडबुडा नको, काटा खाली सरकायला नको. त्यानंतर व्हॉल्व्ह बंद ठेवूनच तोंडाच्या रेग्युलेटरचं बटण अगदी अलगद दाबत हवा सोडायची आणि काट्यावरची नजर काढायची नाही. तो गुळगुळीत उतरला पाहिजे. मध्येच थांबून उडी मारत असेल, टिचकी मारल्यावर सरकत असेल, तर दाते गेलेत. शेवटी तो शून्यावर यायला हवा. १०० च्या वर पाच-सात बारचा फरक मी चालवून घेतो. ५० च्या खाली गेज खऱ्यापेक्षा जास्त दाखवत असेल तर एक बारही चालवून घेत नाही.

अडॅप्टरबद्दल लिहिताना मला तुझ्या बाबांचा मान ठेवूनच लिहायचंय. त्यांच्या हाताला आटे चुकणार नाहीत, याची मला खात्री आहे. पण आधी त्यांना एक वेगळं काम सांग. रेग्युलेटरच्या भोकाचे आटे पिच गेजनं (आटे मोजायच्या दातेरी पट्टीनं) मोजायला लाव. आजच्या रेग्युलेटरवर जास्त दाबाचं भोक (जिथं प्रेशर गेज लागतं) ७/१६ इंचाचं, इंचाला २० आटे, आणि कमी दाबाची भोकं ३/८ इंचाची, इंचाला २४ आटे. जुन्या काही रेग्युलेटरवर दोन्ही दाबांची भोकं ३/८ चीच असायची. त्यामुळे कमी दाबाचा होज चुकून २०० बारच्या भोकात बसायचा आणि फुटायचा. तो घोळ मिटावा म्हणूनच जास्त दाबाच्या भोकाचं माप वेगळं केलं गेलं. तुझा रेग्युलेटर त्या जुन्या पिढीतला दिसतो. म्हणजे त्यावर कुठलं भोक कुठल्या दाबाचं हे सर्व्हिस करणाऱ्यांकडून खात्री करून घे आणि जास्त दाबाच्या भोकापाशी न पुसणारी खूण करून ठेव. चुकून गेज कमी दाबाच्या भोकाला लागलं तर काटा दहाच्या आसपास थांबतो, तेवढं नुकसान नाही; उलटी चूक मात्र भयंकर.

या जुन्या भोकांसाठी तयार अडॅप्टर मिळतात, स्कूबाच्या सुट्या भागांमध्ये. तो विकत घे. लेथवरचा नको म्हणतो याचं कारण कौशल्य नाही. साधारण ११ मिलिमीटरच्या गोलावर २०० बार म्हणजे जवळपास १९० किलोचा रेटा. गुळाचे तीस किलोचे सहा रवे एका नखाएवढ्या जागेवर रचल्यासारखं आहे ते. बारमधलं पितळ नेमकं कुठल्या जातीचं, ओ-रिंग टेकते तो पृष्ठभाग पुरेसा गुळगुळीत आहे का, कटिंग ऑइल पूर्ण निघालं का, आणि दीडपट दाबाला तो तुकडा कुणी तपासला, या चार प्रश्नांची उत्तरं तयार अडॅप्टरला बनवणाऱ्यानं दिलेली असतात. एका तुकड्यासाठी बाबांनी ती उत्तरं कुठून आणायची?

आता भंगारातली ती बिनकाट्याची तबकडी. तुझा दीडशेचा सौदा चांगला झालाय! ते मोडलेलं नाही, त्याला काटा नसतोच. ते केशनळीचं डेप्थ गेज आहे. नळीचं एक टोक बंद, दुसरं उघडं. पाण्यात गेलं की दाबानं आतली हवा आक्रसते आणि पाणी आत सरकतं. हवा संपून पाणी सुरू होतं त्या रेषेपाशी आकडा वाचायचा. बॉइलचा नियम, शाळेतला, १६६२ चा. १० मीटरला दाब दुप्पट, म्हणून हवा निम्मी. २० मीटरला एकतृतीयांश. ३० मीटरला पाव. तुझ्या तबकडीवर बघ, शून्य ते १० ला अर्धी नळी दिलेली असेल आणि पुढचे आकडे एकमेकांना चिकटत गेलेले असतील. अशी मांडणी दिसली की ओळख पटली. उथळ पाण्यात, विशेषतः वर येताना घ्यायच्या पाच मीटरच्या थांब्याला, हे गेज फार छान वाचता येतं आणि त्यात बिघडण्यासारखं काही नाही. नळीत गाळ किंवा मीठ धरलं असेल तर गोड्या पाण्यात रात्रभर भिजवून, बारीक तार न घालता, पिचकारीनं धुऊन काढ. २० मीटरच्या पुढं त्यावर विसंबू नकोस. जोडीला म्हणून ठेव.

कन्सोलमधलं लाल काट्याचं डेप्थ गेज मात्र तपासण्यासारखं आहे, आणि त्याची तपासणी कोल्हापुरातच होऊ शकते. त्याला होज लागत नाही, पाण्याचा दाब थेट त्याच्या अंगावर येतो. लाल काटा सगळ्यात खोल आकड्यापाशी थांबून राहतो. तेव्हा ओळखीच्या मळ्यातली एखादी खोल विहीर गाठ. दोरी न ताणणारी घे, नायलॉनची नको. टेपनं मोजून चार आणि आठ मीटरला गाठ मार. गेज जाळीच्या पिशवीत घाल, त्याच्या मीटरभर खाली दगड बांध म्हणजे गेज गाळात रुतणार नाही. लाल काटा मागं आणून आधी चारच्या गाठीपर्यंत सोड, वर काढ, वाच. मग पुन्हा मागं आणून आठ. तू स्वतः उतरायचं नाही, काठावर बाबांना सोबत घे.

वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेव. गेज समुद्राच्या पाण्याला धरून बनवलेलं असेल तर गोड्या पाण्यात ते अडीच टक्के कमी दाखवणार. आणि कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे, इथं हवेचाच दाब समुद्रकाठापेक्षा सुमारे ०.०६ बारनं कमी. सीलबंद डेप्थ गेजला हा फरक सहा-साडेसहा डेसिमीटरचा वाटतो. म्हणूनच घरात त्याचा काटा शून्याच्या किंचित खाली दिसेल, किंवा खिळीला टेकून बसलेला दिसेल. तो दोष नाही. मालवणला तो शून्यावर येईल. हे दोन्ही धरून आठ मीटरच्या गाठीला सात-सव्वासात दिसलं तर गेज उत्तम. साडेसहा किंवा आठच्या वर दिसलं तर नको. केशनळीच्या गेजची ही परीक्षा होत नाही, कारण वर येताना त्यातली हवा पुन्हा पसरते आणि पाणी बाहेर जातं. ते जोडीदाराच्या मनगटाशेजारी धरूनच ताडून बघ.

कॉम्प्युटरबद्दल. "फक्त सेल गेलाय" हे वाक्य खरं असेल तर विकणाऱ्यांनी नवा सेल घालून दाखवावा, त्यांना तेवढा खर्च परवडेल. आधी त्या मॉडेलचं मॅन्युअल शोधून सेल वापरणाऱ्याला बदलता येतो की कंपनीकडेच पाठवावा लागतो ते बघ. दुसरा प्रकार असेल आणि ते मॉडेल बंद झालेलं असेल, तर साडेतीन हजार पाण्यात गेले समज. सेलचं झाकण उघडल्यावर आत हिरवट-पांढरी पूड दिसली तर पाणी शिरून गेलंय. पूर्वी २०१९ आणि २०२१ च्या महापुरात घरातलं सामान भिजलेल्यांपैकी कुणी विकत असेल तर हे मुद्दाम विचार. कपाटात गाळाच्या पाण्यात दोन दिवस बसलेला कॉम्प्युटर बाहेरून स्वच्छ दिसू शकतो. चालू झाला तर दोन्ही धातूचे बिंदू ओल्या बोटांनी धर. पाण्यानं जागं होणारं मॉडेल असेल तर डाइव्हची स्क्रीन यायला हवी. मग तोही त्याच दोरीवर विहिरीत सोड. तो चालू होताना इथल्या हवेचा दाब शून्य मानून घेत असेल, तर आठच्या गाठीला ७.८ च्या जवळ दाखवेल. आणि एक कळकळीची विनंती: सेन्सरच्या भोकातला कचरा काढायला बाबांची एअर गन लावू नकोस. त्या झोतानं दाबाचा पडदा फाटू शकतो. कोमट पाण्यात भिजवून ठेवायचं, बस्स.

मला विचारशील तर चालू असलेला साधा कॉम्प्युटर तुझ्यासाठी इतरांपेक्षा जास्त गरजेचा आहे, कारण तू डाइव्ह झाल्यावर घाट चढतेस, आणि डाइव्हनंतर लगेच उंचावर, कमी दाबाच्या हवेत गेलं की अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. डाइव्हनंतर विमान प्रवासाआधी एका डाइव्हला किमान १२ तास आणि अनेक डाइव्हना १८ तास थांबावं, हा जो प्रचलित नियम आहे तो ६०० मीटरच्या वरच्या उंचीला लागू होतो. आंबोली ६९० मीटरच्या आसपास आहे. दुपारी डाइव्ह करून संध्याकाळी आंबोलीत भजी खायला थांबणारे कोल्हापूरकर मी पाहिलेत, आणि दर वेळी जीव खालीवर होतो. मी स्वतः रात्र खालीच काढतो. कॉम्प्युटरवर उरलेले तास दिसत राहिले की सोबतच्या घाईवाल्यांना समजावणंही सोपं जातं.

होकायंत्र मिळालं तर बघताना एवढंच: आडवं धरून थोडं तिरकं केलं तरी चकती मोकळी फिरली पाहिजे. ऑस्ट्रेलियातून आलेलं असेल तर ते दक्षिण गोलार्धासाठी तोललेलं असतं, आपल्याकडे अडकतं. आत्ता त्यावर पैसे घालू नकोस.

आठ हजारांची मांडणी मी अशी करीन. मालवणच्या गृहस्थांना सांग की प्रेशर गेज तुमच्याकडेच ठेवा, कन्सोलचं कव्हर आणि डेप्थ गेज द्या. दीड हजाराच्या वर जाऊ नकोस, आणि तेही विहिरीची परीक्षा झाल्यावरच. प्रेशर गेज नवं घे किंवा वर सांगितलेल्या टँकच्या परीक्षेतून गेलेलं जुनं, सोबत नवा होज, नवी पिन, तयार अडॅप्टर. प्रेशर गेज, डेप्थ गेज आणि कॉम्प्युटर या तिघांपैकी नवं घेतल्यावर खिशाला सगळ्यात कमी लागणारं बहुधा हेच असतं, आणि त्यावरच लोक काटकसर करतात हे मला कधी समजलं नाही. उरलेल्यात चालू करून दाखवला तर कॉम्प्युटर. नाहीतर हा हंगाम तो भाड्यानं.

आणि त्या गृहस्थांना १५ बारचं नीट समजावून सांग. ते चार वर्षं वाचले आहेत. त्यांनी ते गेज दुसऱ्या कुणाला विकू नये. शक्य असेल तर त्यांच्यासमोर त्याचा काटाच काढून टाक.

पावसाळा नुकताच सरलाय, विहिरी भरलेल्या आहेत. चार मीटरला किती आणि आठ मीटरला किती दाखवलं, दोन्ही आकडे मला लिहून पाठव.